हॅमिंगसाहेब आणि मामांची टेप

हॅमिंग कोड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पेपरात हमखास येणारा प्रश्न, आणि आदल्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर घोकलेल्या पॅरिटी बिटच्या जागा. पहिली, दुसरी, चौथी. झालं! हॅमिंग नावाचा खराखुरा माणूस होता, त्यांचेही शनिवार-रविवार फुकट गेले होते आणि त्या चिडीतून हा कोड जन्माला आला, हे मी इथे विद्यार्थी होतो तेव्हा मलाही माहीत नव्हतं. आता मी याच कॉलेजात शिकवतो, दरवर्षी फळ्यावर तो कोड लिहितो, आणि दरवर्षी मला मामांच्या दोन टेप आठवतात. त्यातली एक वाचली, एक नाही वाचली. म्हणून या अंकासाठी हॅमिंगसाहेबांची गोष्ट लिहितोय. पण सुरुवात मामांपासूनच करावी लागेल.

माझे मामा झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे. गडचिरोली, चंद्रपूरकडच्या पोरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. दिवाळीनंतर मंडई सुरू होते, आणि तिथपासून होळीपर्यंत आपल्या भागात गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. त्यांचं मुख्य ठाणं म्हणजे वडसा, कागदोपत्री देसाईगंज. मामा तिथल्या एका मंडळात होते. २००३ साली त्यांनी मुंबईच्या एका स्टुडिओवाल्याकडून सेकंडहँड सॅम्पलर आणला, आणि सोबत एक डॅट रेकॉर्डर. स्टुडिओवाले तेव्हा कॉम्प्युटरवर चालले होते, म्हणून ते यंत्र मामांना परवडलं.

सॅम्पलर म्हणजे काय, तर कुठलाही आवाज दोन-चार सेकंद टिपून मेमरीत ठेवायचा आणि कीबोर्डची पट्टी दाबली की तो वाजवायचा. मामांनी त्यात काय काय भरलं होतं म्हणून सांगू! ढोल, खंजिरी, मंडईतला गलका, मोहाच्या झाडाखालचा रातकिडा. आणि माझ्या आजोबांची हाळी. आजोबा म्हणजे मामांचे वडील, जुने दंडारवाले. नाटकात जंगलाचा सीन आला की मामा पट्टी दाबायचे आणि आजोबांची हाळी मांडवभर घुमायची. आजोबा पुढच्या रांगेत बसून स्वतःचाच आवाज ऐकून हसायचे.

आता यातली अडचण बघा. सॅम्पलरची मेमरी म्हणजे रॅम. लाइट गेली की सगळं साफ. आणि लाइट तर जायचीच. चांद्याला एवढं मोठं औष्णिक वीज केंद्र, महाराष्ट्राला वीज पुरवायची आपण आणि लोडशेडिंगही आपल्याच वाट्याला! मामांच्या सॅम्पलरमध्ये एक छोटी हार्ड डिस्क होती, पण ती टेम्पोत धक्के खात गावोगाव फिरायची. फ्लॉपीचा तर विचारच नको. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजाला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे १.४४ एमबीच्या फ्लॉपीत जेमतेम आठ सेकंद. ३२ एमबी मेमरी उतरवायला तेवीस फ्लॉप्या! म्हणून त्या काळच्या काही सॅम्पलरमध्ये एक नामी सोय होती. सगळा डेटा डिजिटल आउटमधून आवाजासारखा बाहेर पाठवायचा आणि डॅटच्या टेपवर रेकॉर्ड करायचा. डॅटवर सेकंदाला एक लाख नव्वद हजारांच्या आसपास बाइट बसतात, म्हणजे नुसत्या हिशोबाने ३२ एमबीला तीन मिनिटं. परत भरायचं असेल तर टेप वाजवायची आणि सॅम्पलरने ती डिजिटल इनमधून ऐकायची. तो डेटा स्पीकरवर लावला तर नुसती खरखर. मामा म्हणायचे, भाच्या, एवढ्या खरखरीत तुझा आजा बसला आहे हे कोणाला खरं वाटंल!

जानेवारी २००४ मध्ये मी पॅसेंजरने वडशाला गेलो आणि आम्ही दोघांनी पहिली टेप केली. मी सेकंड इयरला होतो, अंगात नवीन ज्ञान सळसळत होतं. मी मामांना म्हटलं, टेप झाली खरी, पण परत भरून बघू. मामा वैतागले, कारण त्यासाठी मेमरी रिकामी करावी लागणार होती. पण ऐकलं. टेप वाजली, सगळे आवाज परत आले. मला प्रश्न पडला, एवढीशी बोटभर रुंदीचीसुद्धा नसलेली टेप, त्यावर धूळ, धक्के, आणि तरी लाखो बिटपैकी एकही चुकत कसं नाही? कॉलेजात परत येऊन लायब्ररीत शोधलं, आणि धागा मागे मागे जात एका माणसापाशी पोचला.

रिचर्ड वेस्ली हॅमिंग. जन्म ११ फेब्रुवारी १९१५, शिकागो. त्यांना व्हायचं होतं इंजिनिअर. पण मंदीचे दिवस, खिशात पैसे नाहीत, आणि स्कॉलरशिप मिळाली ती शिकागो विद्यापीठाची, जिथे इंजिनिअरिंगची शाखाच नव्हती! म्हणून नाइलाजाने गणित घेतलं. १९३७ मध्ये पदवी, १९३९ मध्ये नेब्रास्काहून एम.ए., १९४२ मध्ये इलिनॉयहून पीएच.डी. ब्रँच मिळाली नाही म्हणून आपल्याकडे पहिल्या वर्षी किती पोरं तोंड पाडून बसतात! हॅमिंग मात्र पुढे म्हणायचे की ते बरंच झालं. इंजिनिअर झालो असतो तर कुठेतरी गटारांची झाकणं उघडत बसलो असतो, गणितामुळे पुढचं संशोधन करायला मिळालं, असा त्यांचा सूर असे.

१९४२ मध्येच वांडा लिटल यांच्याशी लग्न झालं. एप्रिल १९४५ मध्ये ते लॉस अलामोसला गेले, अणुबाँबच्या प्रकल्पावर. वांडाही मागोमाग तिथे आल्या आणि हाताने आकडेमोड करण्याच्या कामाला लागल्या. हॅमिंग यांचं काम आयबीएमची गणनयंत्रं चालवण्याचं. समीकरणं मोठ्या शास्त्रज्ञांची, आणि ती यंत्रातून उत्तरापर्यंत नेणारे हे. तिथली एक आठवण ते पुढे सांगत. पहिल्या चाचणीच्या आधी त्यांच्याकडे एक आकडेमोड तपासायला आली. प्रश्न होता, या स्फोटाने पृथ्वीचं सगळं वातावरणच पेट घेईल का? हॅमिंग यांनी आकडेमोड बरोबर असल्याचं सांगितलं, पण त्यात वापरलेल्या मूळ माहितीबद्दल आपण कशी खात्री देणार, ही बोच त्यांना राहिली. गणित बरोबर असणं वेगळं आणि त्यात घातलेली माहिती बरोबर असणं वेगळं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४६ मध्ये ते बेल लॅबमध्ये आले. तिथे क्लॉड शॅनन त्यांच्यासोबत एकाच खोलीत बसत. म्हणजे बघा, एका खोलीत इन्फर्मेशन थिअरी आणि एरर करेक्शन! आपल्या सिलॅबसची दोन युनिटं समोरासमोर टेबल टाकून बसलेली.

बेल लॅबकडे तेव्हा मॉडेल फाइव्ह नावाचा कॉम्प्युटर होता. ट्रान्झिस्टर नाही, व्हॅक्यूम ट्यूब नाही, हजारो रिले खटाखट उघडझाप करत गणित सोडवायचे. त्याला आपली चूक पकडता यायची. आकडे अशा पद्धतीने लिहिलेले असत की एखादा रिले फसला तर यंत्राला कळायचं, काहीतरी गडबड आहे. कामाच्या दिवशी ऑपरेटर हजर असत, ते चूक शोधून काम पुढे ढकलत. पण शनिवार-रविवारी कोणी नसायचं. तेव्हा यंत्र काय करायचं? चूक सापडली की ते काम सोडून द्यायचं आणि रांगेतलं पुढचं काम घ्यायचं. हॅमिंग नवीन माणूस, त्यांना वेळ मिळायची ती शनिवार-रविवारचीच. ते शुक्रवारी काम लावून जात आणि सोमवारी उत्साहाने येऊन बघत, तर हातात काही नाही. असं लागोपाठ दोन आठवडे झालं. हे साल १९४७.

दुसरा कोणी असता तर ऑपरेटरवर चिडला असता. हॅमिंग यंत्रावरच चिडले. या यंत्राला चूक झाली एवढं कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये? आणि कुठे झाली हे कळलं तर दुरुस्ती म्हणजे काय, शून्याचा एक आणि एकाचा शून्य. बस्स. हा एवढाच प्रश्न. पण तोवर तो असा कोणी विचारलाच नव्हता.

उत्तर आपल्या हॉस्टेलमध्ये बसवून बघू. एका कॉरिडॉरमध्ये सात खोल्या. काहींचा दिवा चालू, काहींचा बंद. तीन वॉर्डन नेमले. पहिला बघणार खोली १, ३, ५, ७. दुसरा बघणार २, ३, ६, ७. तिसरा ४, ५, ६, ७. प्रत्येकाच्या ताब्यातल्या चालू दिव्यांची संख्या सम हवी, अशी आधीच सोय केलेली. आता रात्री कोणीतरी एका खोलीचा दिवा बदलला. पहिला आणि तिसरा वॉर्डन ओरडले, दुसरा गप्प. पहिल्याचा १, तिसऱ्याचे ४, बेरीज ५. पाचव्या खोलीत भानगड! कोणीच ओरडलं नाही तर सगळं ठीक. सात खोल्यांपैकी चारांत खरी माहिती, आणि पहिली, दुसरी, चौथी या तपासणीच्या. तीच चार बिटं प्रत्येकी तीनदा लिहिली असती तर बारा जागा लागल्या असत्या. इथे सातात भागलं.

शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या गाजलेल्या लेखात हॅमिंग यांचा हा कोड उदाहरण म्हणून दिला. हॅमिंग यांचा स्वतःचा लेख मात्र पेटंटच्या भानगडीत अडकला आणि बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये एप्रिल १९५० ला छापून आला. मध्ये १९४९ मध्ये मार्सेल गोले यांनी आपला कोड छापला होता. पण दोन शब्द किती बिटांनी वेगळे आहेत ते मोजायचं, ज्याला आज आपण हॅमिंग डिस्टन्स म्हणतो, ती मोजपट्टी याच लेखातली.

अर्थात हा कोड एकच चूक दुरुस्त करतो. दोन खोल्यांचे दिवे एकदम बदलले की वॉर्डन तिसऱ्याच बिचाऱ्याला पकडतात. आणि टेपवर धुळीचा कण बसला तर एक-दोन नाही, शेकडो बिटं सलग जातात. त्यावर १९६० मध्ये अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी वेगळा कोड काढला, जो सुट्या बिटांऐवजी बिटांच्या गटांवर चालतो. १९८२ च्या सीडीत तो आला आणि १९८७ च्या डॅटमध्येही. डॅटमध्ये तो दोन थरांत असतो, शिवाय शेजारशेजारचे नमुने टेपवर लांब लांब विखरून लिहितात, म्हणजे एका कणाने एकाच शब्दाचा सत्यानाश होत नाही. तरीही चूक मर्यादेबाहेर गेली तर डॅट रेकॉर्डर आजूबाजूचे नमुने बघून अंदाजाने मधला भरतो. गाणं ऐकताना हे चालून जातं, कानाला कळत नाही. डेटाला मात्र असा अंदाज चालत नाही. म्हणून कॉम्प्युटरसाठी १९८९ मध्ये जी डीडीएस टेप आली, तिच्यात दुरुस्तीचा तिसरा थर घातला. मामांचा रेकॉर्डर गाण्याचा होता, दोन थरांचा.

हॅमिंग बेल लॅबमध्ये तीस वर्षं राहिले. तिथले त्यांचे किस्से भरपूर. शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर ते रोजची कामं बाजूला ठेवून फक्त मोठ्या गोष्टींचा विचार करत. काही काळ ते केमिस्ट्रीवाल्यांच्या टेबलवर जेवायला बसू लागले. त्यांनी विचारलं, तुमच्या विषयातले सर्वात महत्त्वाचे प्रश्न कोणते? पुढच्या आठवड्यात विचारलं, तुम्ही त्यातल्या कशावर काम करता? आणि नंतर विचारलं, नसाल करत तर का नाही करत? झालं, त्यांना दुसरं टेबल शोधावं लागलं! आपल्या मेसमध्ये हा प्रयोग फायनल इयरच्या प्रोजेक्ट ग्रुपवर करून बघा.

१९६८ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७६ मध्ये बेल लॅब सोडून ते कॅलिफोर्नियात माँटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर कॉलेजात शिकवायला गेले. आयईईईने त्यांच्या नावाचं पदक सुरू केलं आणि १९८८ मध्ये पहिलं त्यांनाच दिलं. त्यांच्या १९९५ च्या वर्गाची व्हिडिओ रेकॉर्डिंग आज इंटरनेटवर कोणालाही बघता येतात. वय ऐंशी, अंगात चौकड्यांचा कोट, आणि पोरांना रागावणं चालूच. डिसेंबर १९९७ पर्यंत ते शिकवत होते. ७ जानेवारी १९९८ ला गेले.

आता मामांकडे परत येतो.

जानेवारी २००५ मध्ये मामांनी आजोबांना सॅम्पलरसमोर बसवून दंडारीतलं एक अख्खं गाणं टिपून घेतलं. तुकड्या-तुकड्यांत, दम लागेल तसं. फेब्रुवारीत त्याची दुसरी टेप केली, एकट्यानेच. मी इथे सबमिशनमध्ये अडकलो होतो. त्याच उन्हाळ्यात आजोबा गेले. नोव्हेंबरमध्ये, सीझनच्या तोंडावर, सॅम्पलरची हार्ड डिस्क बसली. मामांनी फोन केला, मी रात्रीच निघालो.

दुसरी टेप लावली. काउंटर पुढे सरकत होता, सॅम्पलर वाट बघत होता, पण डेटा काही येईना. मग टेप स्पीकरवर लावली. खरखर ऐकू यायला हवी होती. काहीच नाही. पूर्ण शांतता. अर्ध्या तासाने कळलं काय झालं ते. रेकॉर्ड करताना रेकॉर्डरचं इनपुट डिजिटलऐवजी ॲनालॉगवर राहिलं होतं, आणि ॲनालॉगला वायरच नव्हती. काउंटर चालतोय, लाल दिवा लागलाय, म्हणजे रेकॉर्ड होतंय असं मामांना वाटलं. कोणालाही वाटलं असतं. रीड-सॉलोमनचे दोन्ही थर आपलं काम चोख करत होते. त्यांनी ती शांतता एकही बिट न चुकता जपून ठेवली होती.

लॉस अलामोसची ती बोच मला तेव्हा समजली. कोड फक्त एवढंच बघतो की जे लिहिलं तेच परत येतंय का. लिहिलं ते हवं तेच होतं का, हे बघणारा कोड अजून निघायचा आहे.

मग पहिली टेप लावली. ती मध्येच अडकली, सॅम्पलरने चूक दाखवून काम सोडून दिलं. मॉडेल फाइव्हसारखंच! क्लीनिंग कॅसेट फिरवून हेड साफ केलं, पुन्हा लावली, पुन्हा तिथेच अडकली. तिसऱ्यांदा पुढे गेली आणि शेवटपर्यंत गेली. ढोल आला, खंजिरी आली, रातकिडा आला. मामांनी ती पट्टी दाबली. आजोबांची हाळी. तीन सेकंद.

मामा काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा दाबली. मग उठून बाहेर गेले.

गाणं गेलं ते गेलंच. ती हाळी मात्र आजही माझ्याकडे आहे. त्याच वर्षी सोनीने डॅटचे रेकॉर्डर बनवणं बंद केलं, म्हणून मी ती हाळी लगेच कॉम्प्युटरवर उतरवली, मग सीडीवर, मग पेन ड्राइव्हवर, आता आणखी दोन ठिकाणी आहे. दरवर्षी मंडईच्या दिवसांत मी प्रत्येक ठिकाणची फाइल उघडून ऐकतो. नुसतं फाइल दिसतेय यावर विश्वास ठेवत नाही.

दरवर्षी एप्रिलमध्ये कोणीतरी फायनल इयरचा विद्यार्थी रडवेला होऊन स्टाफरूममध्ये येतो. सर, प्रोजेक्ट पेन ड्राइव्हमध्ये होता, उघडत नाहीये. मी विचारतो, कॉपी होती का? होती म्हणतो. उघडून पाहिली होती का? मग मान खाली. त्यांना मी रागावत नाही. मामांनाही कधी रागावलो नाही. रागवायचा असेल तर स्वतःचाच राग येतो, कारण फेब्रुवारी २००५ मध्ये वडशाची एक पॅसेंजर मी पकडायला हवी होती. तीन मिनिटांचं काम होतं.

तेव्हा पुढच्या वेळी फळ्यावर पहिली, दुसरी, चौथी लिहाल तेव्हा त्या दोन वाया गेलेल्या शनिवार-रविवारांची आठवण ठेवा. आणि हा लेख वाचून झाला की खोलीत जाऊन आपली कॉपी एकदा उघडून बघा. आत्ताच. मेसची बेल व्हायला अजून वेळ आहे.